दहा रुपयांच्या भुवया आणि साडेतीन हजारांची नवरी

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते, उंद्रीला. आमची उंद्री म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण उंद्री म्हटलं की आजकाल लोकांना पुण्याची उंद्री आठवते. कोंढव्याच्या पलीकडची, मोठमोठ्या सोसायट्यांची. आणि नेमक्या याच घोटाळ्यावरून त्या दिवशी वहिनीच्या पार्लरमध्ये हशा पिकला.

माझी वहिनी गेली सहा वर्षं गावात छोटंसं ब्युटी पार्लर चालवते. एक खुर्ची, एक मोठा आरसा, एक बाक आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. मी बाकावर चहा पीत बसले होते, तेवढ्यात बारावीतली एक पोरगी हातात मोबाईल नाचवत आत आली. “काकू, हे पाहा! आपल्या उंद्रीत कटिंगचे आठशे रुपये! कोणी उघडलं वं एवढं मोठं पार्लर?” तिने मोबाईलवर ‘उंद्री ब्युटी पार्लर’ असं शोधलं होतं आणि मोबाईलने तिला सरळ पुण्याला नेऊन सोडलं होतं.

आम्ही पोट धरून हसलो. मग तीच पोरगी खुर्चीत बसली, केस कापून घेतले आणि पैसे देताना म्हणाली, “काकू, दीडशे काऊन? समोरच्या बाई तर शंभरात करून देऊन राहिल्या.”

बघा हं मैत्रिणींनो, पाच मिनिटांपूर्वी आठशे ऐकून जिचे डोळे विस्फारले होते, तिलाच आता दीडशे जास्त वाटत होते. भाव महाग की स्वस्त, हे आकड्यावर कधीच ठरत नाही. ते आपण शेजारी कुठला आकडा ठेवतो त्यावर ठरतं. पुण्याच्या शेजारी ठेवलं तर वहिनी अगदीच स्वस्त, आणि समोरच्या दुकानाशेजारी ठेवलं तर महाग. वहिनी तीच, कात्री तीच, आणि दीडशे रुपयेही तेच.

पोरगी गेल्यावर वहिनीचा चेहरा उतरला. म्हणाली, “ताई, तुम्ही अकाउंट शिकवता नं? मंग मला एक सांगा. समोर आयब्रो दहा रुपयात सुरू केली. मी तीस घेते. आता मी काय करू? मीबी दहा करू का दुकान बंद करू?”

प्रश्न साधा वाटला, पण साधा नव्हता. सहा वर्षांपूर्वी गावात वहिनी एकटीच होती. आता तीन पार्लर आहेत. एकीने आयब्रो तीसची वीस केली, दुसरीने दहा. चिखली, खामगाव, मेहकर, कुठेही जा, हेच चित्र. शिवणकाम आणि पार्लर, घर सांभाळून करता येतील असे हे दोनच धंदे गावातल्या मुलींना सुचवले जातात. प्रशिक्षण त्याचंच, कर्जही त्यालाच. मग एकाच गल्लीत तीन आरसे लागणार नाहीत तर काय होणार?

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी वही-पेन घेऊन बसलो. माझा भाऊ म्हणाला, “पार्लरचा काय हिशेब मांडता? आलेले पैसे डब्यात, लागले तसे काढायचे.” वहिनीचाही आजवरचा हिशेब हाच होता. महिनाअखेर डब्यात उरलं तर नफा, नाही उरलं तर ‘यंदा मंदी’.

पहिल्यांदा ठरलेला खर्च लिहिला. दुकानाचं भाडं अडीच हजार. वीजबिल हजार. मुद्रा योजनेतून पन्नास हजारांचं कर्ज घेतलंय, त्याचा हप्ता सतराशे. टॉवेल, धुणं, फोन, दुरुस्ती मिळून आठशे. एकूण सहा हजार. गिऱ्हाईक एक येवो की शंभर, हे सहा हजार द्यायचेच.

मग मी विचारलं, “आणि तुझा पगार?”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. “माझा कसला पगार? दुकान तर माझंच हाय ना!”

इथेच सगळी गोम आहे, मैत्रिणींनो. तिने भाडं मोजलं, वीज मोजली, क्रीम आणि दोराही मोजला, पण स्वतःला मोजलं नाही. घरातल्या कामाची किंमत शून्य धरायची सवय आपल्या हाडीमाशी इतकी भिनली आहे की दुकान टाकलं तरी ती सवय पदराला धरून मागे येते. मी हट्टाने नऊ हजार लिहिले. दुसऱ्याच्या पार्लरमध्ये कामाला ठेवली असती तर कुणीतरी तिला काहीतरी दिलंच असतं ना? झाले पंधरा हजार.

आता हे पंधरा हजार भरून कुठून काढायचे? विकायला वहिनीकडे खरं तर एकच गोष्ट आहे, खुर्चीचा वेळ. दुकान महिन्यात सव्वीस दिवस, रोज आठ तास उघडं, म्हणजे दोनशे आठ तास. पण खुर्चीवर प्रत्यक्ष बाई बसलेली असते ती साधारण नव्वद तास. बाकी वेळ वहिनी मटार सोलते, पोराचा अभ्यास घेते, रस्त्याकडे बघते. पंधरा हजार भागिले नव्वद, म्हणजे तासाला सुमारे एकशे सदुसष्ट रुपये. मिनिटाला पावणेतीन रुपयांच्या थोडं वर.

हा एक आकडा हाती लागला आणि पुढचं सगळं लख्ख दिसायला लागलं. आयब्रोला दहा मिनिटं लागतात, म्हणजे खर्च अठ्ठावीस रुपये. वहिनी तीस घेते, सुटतात दोन रुपये. केस कापायला चाळीस मिनिटं, म्हणजे एकशे अकरा, वर दहाचा माल. दीडशेतून उरतात एकोणतीस. फेशियलला एक तास आणि एकशे ऐंशीचा माल, मिळून तीनशे सत्तेचाळीस. पाचशे घेतले तर उरतात एकशे त्रेपन्न. आणि नवरीची केशरचना आणि मेकअप? तीन तासांचे पाचशे, सहाशेचा माल, झाले अकराशे. वहिनी घेते साडेतीन हजार, उरतात दोन हजार चारशे.

वहिनीने वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, “मंग मी दोन रुपयांसाठी रात्र रात्र जागत होते का वं?”

हो, दोन रुपयांसाठीच. समोरचीने दहा रुपये केले म्हणून हिनेही दहा केले असते तर काय झालं असतं, तेही पाहिलं. महिन्याला एकशे वीस बायका आयब्रोला येतात, त्यांचे छत्तीसशे होतात. दहा रुपयांत तेच छत्तीसशे मिळवायला तीनशे साठ बायका लागतील. त्यांना साठ तास द्यावे लागतील. सध्या वीस तासांत होतं ते काम. शिवाय गावात तेवढ्या बायका आणायच्या कुठून? टोमॅटो स्वस्त झाले तर आपण किलोऐवजी दोन किलो घेतो, सॉस करून ठेवतो. पण भाव कमी झाला म्हणून कुणाच्या भुवया जास्त वाढत नाहीत! मागणी वाढत नसेल तिथे भाव पाडणं म्हणजे एकमेकींच्या ताटातली भाकरी हिसकावणं. गिऱ्हाईक या दारातून त्या दारात जातं, आणि शेवटी तिघींच्याही डब्यात कमीच पडतं.

मग समोरची बाई वेडी आहे का? मुळीच नाही. दहा रुपयांची आयब्रो हा तिचा धंदा नाही, ते तिचं दार आहे. त्या दारातून पोरगी आत यावी, तिची ताई यावी आणि उद्या त्या घरात लग्न निघालं की साडेतीन हजारांची नवरी आपल्याकडे यावी, हा तिचा हिशेब. मोठ्या दुकानांत साखर नाही का स्वस्त लावतात आणि बाकीच्या सामानावर भरून काढतात? तसंच हे. म्हणजे खरी लढाई भुवयांवर नाहीच. ती नवरीसाठी आहे.

मोठ्या धंद्यांत हा खेळ आपण पूर्वीच पाहिलाय. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरच्या घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. तीच निरमा. सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त. सर्फवाल्या कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काय केलं? सर्फचा भाव निरमाएवढा खाली आणला नाही. टीव्हीवर ललिताजी आणल्या. पांढऱ्याशुभ्र साडीतल्या, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, पण सर्फच घेणाऱ्या. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे त्यांनी घराघरांत सांगितलं. आणि ज्यांना खरोखर स्वस्तच हवं होतं, त्यांच्यासाठी ‘व्हील’ ही वेगळी पावडर काढली. एकाच डब्यावर दोन भाव लिहिले नाहीत, दोन वेगळे डबे केले.

दुसरं उदाहरण शाम्पूच्या पुडीचं. सी. के. रंगनाथन यांच्या कंपनीने ‘चिक’ शाम्पू छोट्या पुडीत आणला, १९९० च्या दशकाअखेर तर पन्नास पैशांची पुडी काढली. शाम्पू स्वस्त केला असं नाही म्हणता येणार, घास लहान केला. ज्या घरात बाटली कधीच आली नसती, तिथे पुडी पोचली.

वहिनीला मी म्हटलं, तूही घास लहान कर. हळदी-कुंकवाला, बारशाला, मुंजीला पूर्ण मेकअप कुणी करत नाही, पण नुसता अंबाडा घालून गजरा माळून हवा असतो. पंचवीस मिनिटांचं काम आहे, त्याचे शंभर रुपये लाव. गावात ही पुडी कुणीच विकत नाही. आणि सवलत द्यायचीच असेल तर रिकाम्या खुर्चीवर दे. मंगळवारी दुपारी बारा ते चार कुणी फिरकत नाही. तेव्हा खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा वीस रुपये आले तरी चालतील. पण लग्नाच्या तिथीला, रांग लागलेली असताना, एक पैसा कमी करू नकोस. सगळ्यांना, सगळ्या वेळी स्वस्त, हे धोरण नव्हे. ती घाबरगुंडी झाली.

आता थोडं बातम्यांकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. वहिनीच्या एका गिऱ्हाईकाने दुसऱ्याच दिवशी विचारलं म्हणे, “टीव्हीवर सांगून राहिले पार्लर स्वस्त झालं, तुमचं कधी होणार?” आता या बातमीत आपल्या उंद्रीचं काय, हे कुणी सांगतच नाही.

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. गावातलं एक खुर्चीचं पार्लर तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे वहिनी गिऱ्हाईकाकडून हा कर कधी घेतच नव्हती. मग कमी काय करणार? कमी झालं ते शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये. हजाराचं बिल पूर्वी अकराशे ऐंशी व्हायचं, आता हजार पन्नास. त्यातही एक मेख आहे. या पाच टक्क्यांत त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भाडं, मशीन, माल यांवरचा कर त्यांच्याच अंगावर पडतो. म्हणून सगळी कपात गिऱ्हाईकाच्या पदरात पडेलच असं नाही.

आणि वहिनीला काय मिळालं? शाम्पू, केसांचं तेल, टाल्कम पावडर यांवरचा कर अठराचा पाच झाला, तेवढा तिचा माल थोडा हलका झाला. पण केसांचा रंग आणि लिपस्टिकसारखी सौंदर्यप्रसाधनं अठरा टक्क्यांतच राहिली, आणि नवरीला लागतं नेमकं तेच. थोडक्यात, खेड्यातल्या छोट्या पार्लरला ‘आमच्याकडे टॅक्स नाही’ हा जो आपोआपचा फायदा होता, तो कमी झाला. शहरातलं सलून तेरा टक्क्यांनी जवळ आलं. चिखलीला जाऊन यायचं भाडं धरलं तरी लग्नाच्या खरेदीला गेलेली नवरी तिथेच मेकअपची बोली करून येऊ शकते. शेजारणीच्या दहा रुपयांपेक्षा मला ही स्पर्धा जास्त मोठी वाटते.

मग या सगळ्यांत वहिनीची ताकद कोणती? पैसा नाही, एसी नाही, जाहिरात नाही. पण तिला गावातला एकेक चेहरा ठाऊक आहे!

यंदाच्या लग्नसराईतलाच प्रसंग. एक नवरी मोबाईलमध्ये नटीचा फोटो घेऊन आली. केस सगळे मागे चापून बसवलेले, मधोमध भांग, मानेवर घट्ट अंबाडा. नटीचा चेहरा लांबट, कपाळ लहान. आपली नवरी गोल चेहऱ्याची, कपाळ मोठं, केस पातळ. दुसरी कुणी असती तर फोटोबरहुकूम करून पैसे घेऊन मोकळी झाली असती. वहिनीने आठ दिवस आधी तिला बोलावलं, अर्ध्या तासात दोन्ही प्रकार करून दाखवले आणि मोबाईलवर फोटो काढून तिच्या हातात दिला. “आता तूच पाहा वं बाई, कोणतं छान दिसते.” पोरीने दुसरं निवडलं. लग्नात तिची आत्या, मावशी सगळ्या विचारत होत्या, केस कुणी केले?

ती विद्या काय आहे, ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पार्लरमध्ये जाण्याआधी घरीच पाहता येईल. केस सगळे मागे बांधा आणि आरशासमोर उभ्या राहा. कपाळ, गाल आणि जबडा यांत सगळ्यात रुंद काय, आणि चेहऱ्याची लांबी रुंदीपेक्षा किती जास्त, एवढंच बघा.

चेहरा गोल असेल तर उंची द्यायची, रुंदी नाही. डोक्यावर मध्यभागी केस थोडे उचललेले, भांग बाजूला, गालांच्या रेषेत फुगवटा नको. अंबाडा मानेवर घालण्यापेक्षा जरा वर घ्या. चेहरा लांबट असेल तर बरोबर उलटं. डोक्यावर उंच खोपा घातला की चेहरा आणखी लांब दिसतो. त्यापेक्षा कानांच्या बाजूंना भरगच्चपणा, कपाळावर थोडे केस, अंबाडा खाली. जबडा चौकोनी असेल तर केस चापून चोपून बसवू नका, कानाजवळ एक-दोन मऊ बटा सोडा, रेषा सौम्य होतात. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर भांग तिरपा घ्या, कपाळाच्या एका बाजूवर केस झुकवा, आणि हनुवटीच्या आसपास केसांना थोडा भर द्या. केस पातळ असतील तर सागरवेणी घालून पेड हलक्या हाताने सैल करा, वेणी दुप्पट दिसते. आणि रोजच्या रोज करकचून वेणी घालू नका. ओढ बसून कपाळाकडचे केस विरळ होतात, हे आपल्या आज्यांच्या भांगाकडे पाहिलं तरी कळतं. केसांना रंग पहिल्यांदा लावत असाल तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज आली, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही.

हे सगळं सांगायला वहिनीला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांचे पैसे ती घेत नाही, आणि गिऱ्हाईक परत येतं ते त्याच पाच मिनिटांसाठी.

केसांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड अशा गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं. देशभर बातम्या झाल्या. सुरुवातीला पाणी, शाम्पू, बुरशी सगळ्यांवर संशय आला, आयसीएमआरचं पथक आलं, आणि पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत कंगव्यात चार केस आले तरी बायकांच्या पोटात गोळा यायचा. पायाखाली भीती असली की माणूस पैसे मोजताना मागेपुढे बघत नाही. वहिनीकडेही एक बाई आली, “काहीबी करा, दोन हजार लागले तरी चालतील.” वहिनीला ते दोन हजार हवेच होते, हप्ता तोंडावर होता. पण ती म्हणाली, “हे माझ्या हातचं काम नाही काकू, डॉक्टरला दाखवा.” त्या बाईंनी नंतर आपल्या दोन्ही मुलींच्या लग्नाचं काम वहिनीलाच दिलं. विश्वास कुठल्या वहीत लिहायचा, हे अकाउंटच्या पुस्तकात नसतं. पण तो असतो, आणि व्याजासकट परत येतो.

आता उरला शेवटचा प्रश्न. वहिनीची सासू, म्हणजे माझी आई, म्हणाली, “तिघी मिळून बसा नं, अन् एकच भाव ठरवा. न्हाव्याच्या दुकानात नाही का दरपत्रक लावलेलं असते?” कल्पना सोपी वाटते. पण खरं सांगायचं तर २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमाला असं आपसात संगनमताने भाव ठरवणं मान्य नाही. मोठ्या कंपन्यांनी मिळून भाव चढवू नयेत म्हणून तो आहे, आणि आपल्यालाही ते बरंच आहे. पण तिघींनी एकत्र बसून दुसरं बरंच काही करता येतं. माल एकत्र मागवला तर घाऊक दरात मिळतो. मोठं लग्न आलं, पाच करवल्या एकदम तयार करायच्या असल्या तर काम वाटून घेता येतं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये मोफत प्रशिक्षण मिळतं, तिथे नवी केशरचना शिकायला तिघींनी जावं. आणि प्रत्येकीने आपापला हिशेब मांडावा. भाव एक नसला तरी चालेल, पण तो स्वतःचा घाम मोजून ठरवलेला असावा.

कारण ती समोरची बाई कोण आहे? तीही कुणाच्या तरी घरची सून. तिचाही हप्ता आहे, तिचंही पोर शाळेत आहे. तिची दहा रुपयांची आयब्रो स्वस्त कशी होते? दोरा स्वस्त नाही, वीज स्वस्त नाही. तिची स्वतःची दहा मिनिटं तेवढी फुकट धरलेली आहेत. आपण गिऱ्हाईक म्हणून वीस रुपये वाचवले म्हणून खूश होतो, तेव्हा ते वीस रुपये एका बाईच्या मजुरीतून कापलेले असतात. आणि उधारीचं तर विचारूच नका. ‘सोयाबीन आलं की देते’ म्हणून गेलेली नवरी दोन पोरांची आई होते तरी पैसे येत नाहीत!

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात केसांच्या धंद्यातला एक मोठा धडा आहे. १८९० च्या सुमारास मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. पैसे मिळणार होते, काम होतं, तरी नाही म्हणाले. ज्याला आपल्या हाताची किंमत कळते, त्यालाच ‘नाही’ म्हणता येतं. तिथे प्रश्न माणुसकीचा होता, इथे पोटाचा आहे. तुलना बरोबरीची नाही, हे मलाही कळतं. पण ‘नाही’ म्हणायला जे बळ लागतं, ते एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने दारावर नवा फलक लावला. आयब्रो तीसच. खाली लिहिलं, ‘मंगळवारी दुपारी वीस’. त्याखाली, ‘अंबाडा-गजरा शंभर’. आणि सगळ्यात खाली, ‘नवरीची केशरचना आधी करून पाहणे, पैसे नाही’. पहिल्या आठवड्यात आयब्रोच्या चौदा बायका कमी झाल्या. वहिनीचा रोज फोन यायचा, “ताई, चुकलं तर नाही ना?” मी तरी छातीठोकपणे काय सांगणार? वही खोटं बोलत नाही एवढंच म्हणत होते. परवा तिचा फोन आला. मंगळवारी दुपारी बाक भरला होता, हळदी-कुंकवाचे सहा अंबाडे झाले आणि दोन लग्नं ठरली. हप्ता वेळेवर गेला. पुढच्या महिन्यात काय होईल, ते पुढच्या महिन्यात.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “ताई, वहीत माझा पगार लिहिला या महिन्याचा. नऊ नाही झाले, साडेसात झाले. पण लिहिला.”

मैत्रिणींनो, तुम्ही पार्लर चालवत असा, पापड लाटत असा, शिवणकाम करत असा, नाहीतर घरच सांभाळत असा. तुमच्या वहीत तुमचा पगार लिहिला आहे का?